दानियल मास्तरांचं लाकडी बूच

इस्राएलमधल्या आमच्या मराठी ज्यू समाजाच्या सभागृहात गेल्या हिवाळ्यात तरुण मुलांसाठी एक कार्यक्रम झाला. स्वतःची कंपनी काढायची असेल तर अंगात कोणते गुण हवेत, असा विषय होता. वक्ते तीन, तिघंही माझ्या मुलापेक्षा लहान. धाडस, चिकाटी, अपयश पचवण्याची ताकद असं बरंच काही त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून हिब्रूत सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर या अंकाचे संपादक माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "इसाजीकाका, डिमोनात तुम्हीही कारखाना काढला होता ना? लिहा की त्यावर."

कारखाना कसला! बाभळीच्या दोन झाडांमागे पत्र्याची एक शेड होती. १९६२च्या सुरुवातीला, हिवाळ्यात मी ती उघडली आणि १९६३ संपायच्या आत तिला कुलूप लागलं. ज्याचं दुकान बसलं त्याला कोणी गुण विचारत नाही, म्हणून मीही साठ वर्षं गप्प होतो. आता विचारलंच आहे, तर लिहितो.

आम्ही थंड हवेच्या पेट्या बनवत होतो. आज त्यांना कूलर म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जस्ती पत्र्याची एक चौकोनी पेटी. तिच्या तीन बाजूंना जाळीत भरलेली लाकडाची कुरळी सालपटं, सुताराच्या रंध्याखालून निघतात ती. तळाशी पाणी, ते छोट्या पंपानं वर चढवून सालपटांवर सोडायचं. आत पंखा. पंखा बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या सालपटांतून ओढतो आणि ती खोलीत गार होऊन येते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच कारण. मी मुंबईचा बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. मृत समुद्राकाठच्या खनिजांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होतो. नेगेव वाळवंटाच्या उन्हात बायका ओल्या चादरी खिडकीला टांगताना पाहून मला ही पेटी सुचली. नोकरी सोडली तेव्हा माझी बायको सारा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पेटी चालली. पहिल्या उन्हाळ्यात लोक शेडपुढे उभे राहायचे. गिऱ्हाइकांचे मासलेही पाहिले. आमच्याच समाजातल्या नाओमीबाई पेटी नेल्यावर तिसऱ्या दिवशी तणतणत आल्या.

"अरे इंजिनेर, तुझ्या पेटीसमोर पापड घातले. तीन दिवस झाले, वाळतायत कुठे? नुसते वाकुल्या दाखवतायत मला."

"नाओमीबाई, ही हवा ओली असते. पापड बाहेर उन्हात घाला."

"बाहेर उन्हात मी जळू? मग पेटी कशाला घेतली?"

अश्केलोनहून साराचा मावसभाऊ रूबेन आला. त्यालाही पेटी हवी होती. अश्केलोन समुद्रकाठी, हवा आधीच दमट, तिथे पेटीचा उपयोग शून्य. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण पाहुणा बसनं इतक्या लांबून आलेला, भावोजी भावोजी करत होता. मी पेटी बांधून दिली. पंधरा दिवसांनी तो ती परत घेऊन आला. "भावोजी, माझ्या गाद्यांवर बुरशी आली," म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि पेटी परत आणल्याबद्दल त्याचे आभार मानले. सारा आतून ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही नाही म्हणणाऱ्याचे आभार मानता, ओरडणाऱ्याचे मानता. उद्या कोणी थोबाडीत मारली तर म्हणाल, बरं झालं, माशी उडाली."

ती म्हणाली ते खरं होतं. मला लहानपणापासून आभार मानायचीच सवय. अलिबागच्या बाजूला मिठागरांना लागून आमचं गाव. बाप तेलाच्या घाण्यावर. घरात चौथीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी पुढे शिकलो तो दानियल मास्तरांमुळे. ते आमच्या शाळेचे मास्तर, आमच्याच समाजाचे. त्यांनी बापाच्या दाराशी बसून, रोज येऊन, त्याला कंटाळा आणून माझी शाळा चालू ठेवली. मॅट्रिकच्या परीक्षेला मला घेऊन गेले आणि पेपर संपेपर्यंत रोज शाळेबाहेर चिंचेखाली बसून राहिले. मी बाहेर आलो की आधी विचारायचे, "पाणी प्यायलास का?" मग पेपर कसा गेला ते.

हे दानियल मास्तर आमच्यानंतर काही वर्षांनी इस्राएलला आले आणि त्यांनाही सरकारकडून राहायला डिमोनाच मिळालं. मी त्यांना प्रथम पाहिलं ते रस्त्याच्या कडेला. हातात कुदळ, डोक्यावर सरकारी टोपी, झाडांसाठी खड्डे खणत होते. हिब्रू येत नाही, वय पन्नाशीपुढचं, मग दुसरं काम कोण देणार? सव्वीस वर्षं शाळा चालवलेला माणूस. मला पाहून त्यांनी कुदळ पाठीमागे धरली, जशी आम्ही मुलं बोरं लपवायचो तशी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "मास्तर, माझ्याबरोबर या. भागीदार म्हणून या." आमची पहिली नमुन्याची पेटी त्यांच्या खिडकीत बसवून दिली. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आज वाटतं, एखाद्यावर उपकार केले असं ज्या दिवशी वाटायला लागतं, त्याच दिवशी त्याच्याशी खरं बोलणं अवघड होऊन बसतं. तेव्हा एवढं कळत नव्हतं.

मास्तर कामाला वाईट नव्हते, उलट फार चोख होते. पत्र्याच्या कडा हाताला कापणार नाहीत अशा घासायचे. जाळीत सालपटं भरायची तर कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. प्रत्येक पेटीला वहीत नंबर, तारीख, शेरा. शेरा कसा, तर "ठीक", "बरी", "उत्तम", शाळेत द्यायचे तसाच. सहा महिन्यांत त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली. शेजारचा मोरोक्कन सुतार त्यांना "मोरे" म्हणायला लागला, म्हणजे गुरुजी.

आता या गोष्टीचं मर्म. पेटीत जे पाणी उडून जातं ते शुद्ध असतं. पाण्यातलं मीठ आणि चुना मागेच राहतो. नेगेवचं पाणी जड. तेच पाणी पेटीत फिरत राहिलं तर ते दिवसेंदिवस खारं होत जातं, सालपटांवर पांढरा थर धरतो, हवा कोंडते आणि पंप जळतो. प्रत्येक पेटी म्हणजे एक छोटं मिठागर. म्हणून मी तळाशी एक बारीक पितळी नळी ठेवली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी सतत बाहेर पडायचं, त्याबरोबर मीठही जायचं. माझ्या सगळ्या हुशारीचं सार त्या नळीत होतं.

१९६३च्या वसंतात आरोग्यखात्याच्या खरेदीवाल्यानं आम्हाला बोलावलं. नाव नफ्ताली, उंच, पिंगट, कोणाचंही बोलणं पुरं ऐकून न घेणारा. लहान मुलं आणि आया यांच्या दवाखान्यांत पेट्या हव्या होत्या. आधी चार, तीन डिमोनात आणि एक नव्यानं वसत असलेल्या अरादला. चारही उन्हाळाभर नीट चालल्या तर सगळ्या दक्षिणेतल्या दवाखान्यांचं काम आमचं. नाही तर किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कारखान्याला ते जाणार होतं. शेड जगणार की नाही, हे त्या चार पेट्यांवर होतं.

त्यांतली दुसरी पेटी तयार झाली आणि मी खाली वाकून पाहिलं, तर नळीच्या तोंडात लाकडाचं बूच. निलगिरीच्या लाकडाचं, चाकूनं कोरलेलं, इतकं सुबक की नळीचाच भाग वाटावा. मी ते काढून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी तिथे नवीन बूच. तेही काढलं. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "इसा, तू कामाच्या नादात विसरभोळा झालास. नळी उघडी ठेवतोस. सगळं पाणी टपकून वाया जातं. वाळवंटात राहतो आपण. मी बुचं करून ठेवलीत, लावत जाईन. तू काळजी करू नकोस."

त्या वर्षी सगळा देश पाण्याबद्दल बोलत होता. उत्तरेचं पाणी दक्षिणेत आणायला मोठे नळ टाकत होते. मास्तरांच्या हिब्रूच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात पाण्याचा धडा होता. आणि आमच्या गावी वैशाखात विहिरी आटल्या की मास्तरांची आई दोन मैलांवरून हंडा आणायची. त्यांच्या दृष्टीनं ती नळी म्हणजे गळती होती, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची ती चूक त्यांनी पकडली होती. बोलताना त्यांचा चेहरा कसा उजळला होता ते मला दिसत होतं. देशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कोणाला काही दुरुस्त करून दिलं होतं.

मी म्हणालो, "हो मास्तर. बरं झालं सांगितलंत."

सांगायला पाच मिनिटं लागली असती. मिठागराचा दाखला दिला असता तर ते माझ्याआधी समजले असते. पण मी ठरवलं, आपण गुपचूप काढत जाऊ. मी काढत गेलो, ते लावत गेले. त्यांना वाटे, मी सफाई करताना बूच पाडतो. एकदा हसून म्हणालेसुद्धा, "अरे, मॅट्रिकला रबर हरवायचास तसाच अजून आहेस."

साराला मी हे सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली.

"मग मास्तरांना सांगत का नाही तुम्ही?"

"सांगेन."

"केव्हा? तोंडात मिठाची गुळणी धरलीये का?"

"त्यांना वाईट वाटेल गं."

"आणि पेट्या बंद पडल्या की काय आनंद होणार आहे त्यांना?"

मी पंख्यांच्या मोटरींचे सुटे भाग आणायला बेर-शेव्याला गेलो होतो त्या दिवशी लॉरी आली आणि मास्तरांनी चारही पेट्या चढवून दिल्या. वहीत चारींना "उत्तम". बुचं अर्थातच लावलेली. डिमोनातल्या तीन दवाखान्यांत जाऊन मी बुचं काढून आलो. अरादला उद्या जाऊ, परवा जाऊ, करत राहिलो. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की मास्तर दर आठवड्याला स्वतःहून चारही ठिकाणी तपासणीला जात होते. अरादलासुद्धा, बसनं. परिचारिकांना विचारायचे, वहीत शेरा लिहायचे आणि नळी उघडी दिसली तर खिशातलं बूच लावायचे. कोण इतकं करतं? कोणत्या कंपनीचा माणूस?

उन्हाळा मध्यावर आला आणि शाराव सुटला, म्हणजे वाळवंटाकडून येणारा गरम कोरडा वारा. चौथ्या दिवशी डिमोनातल्या एका दवाखान्यातून निरोप आला, लवकर या. मास्तर आणि मी दोघंही गेलो. बाकांवर बायका तान्ही मुलं घेऊन बसल्या होत्या. एक बाई मुलाला त्याच्या लशीच्या कार्डानं वारा घालत होती. आमची पेटी घरघरत होती आणि गरम वारा ओकत होती. मी बाजूची जाळी काढली. आत सालपटं दिसेचनात. पांढरा कडक थर, आमच्या गावच्या मिठागरात फेब्रुवारीत धरतो तसा. पंप जळून काळा पडला होता.

नफ्ताली आधीच येऊन उभा होता. बाकीच्या तीनही पेट्या अशाच बंद, अरादची सगळ्यात आधी, असं त्यानं सांगितलं. तो यंत्रातला माणूस नव्हता, पण खाली वाकून त्यानं नळी पाहिली, बूच उपटलं, हातावर धरलं आणि माझ्या हिब्रू नावानं मला हाक मारली.

"यित्सहाक, तुझ्या आराखड्यात ही नळी उघडी आहे. हे कोणी लावलं?"

मास्तर माझ्या शेजारी उभे होते, वही छातीशी धरून. नफ्तालीनं काय विचारलं ते त्यांना कळलेलं नाही असं मी धरून चाललो. त्यांच्याशी मी नेहमी मराठीच बोलायचो. मी हिब्रूत म्हणालो, "या म्हाताऱ्यानं. त्याला यातलं काही कळत नाही. दया येऊन ठेवलाय मी त्याला."

साठ वर्षं झाली, पण वाक्य शब्दन् शब्द आठवतं. जे मी मराठीत तीन महिने सांगू शकलो नाही, ते परक्या भाषेत एका दमात आलं, आणि वर जे खरं नव्हतं तेही आलं. दया नव्हती ती. पण कारखाना वाचवायचा होता, आणि नफ्तालीसारख्या माणसाला असंच काहीतरी पटतं असं मला वाटलं.

मास्तर एक पाऊल पुढे आले. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभे राहायचे तसे उभे राहिले. आणि हळूहळू, एकेक शब्द जुळवत, चुकू नये म्हणून मध्ये थांबत, हिब्रूत म्हणाले, "साहेब, यित्सहाकनं मला तीन वेळा सांगितलं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

आठ महिने ते वर्गाला जात होते. दर सोमवारी आणि बुधवारी. मी कधी विचारलंही नव्हतं, मास्तर, किती शिकलात?

नफ्ताली "बेसेदेर" म्हणाला, म्हणजे ठीक. बूच खिडकीत ठेवलं आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेला. काम गेलंच. ज्याची चूक त्यानं कबूल केल्यानं पेट्या काही चालू होत नाहीत.

परतताना उन्हात आम्ही चालत होतो. वारा तोंडावर वाळू मारत होता. मास्तर म्हणाले, "तीनदा म्हटलं मी. एकदा म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं."

मी वाळू चुकवायला मान खाली घालून चालत राहिलो.

"खरं एकदा तरी सांगायचं होतंस, इसा. मी काय तुला मारणार होतो?"

शेडपाशी आल्यावर त्यांनी आपली किल्ली माझ्या हातात ठेवली, वही टेबलावर ठेवली आणि मोरोक्कन सुताराला हात करून घरी गेले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा रस्त्यावर खड्डे खणताना दिसले. या खेपेला त्यांनी कुदळ लपवली नाही. मान हलवून "बरा आहेस ना?" म्हणाले. लपवायची पाळी माझ्यावर आली. मी पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो.

शेड आणखी काही महिने ओढली. मग किनाऱ्यावरच्या कारखान्याच्या पेट्या दुकानांत आल्या. त्यांनाही तळाशी नळी होती, आणि तिच्यावर हिब्रूत लिहिलं होतं, बंद करू नका. तीन शब्द. मी कुलूप लावलं आणि जुन्या प्रयोगशाळेत परत गेलो. तिथेच निवृत्त झालो. साहेबानं परत घेतल्याबद्दल मी त्याचे आभार मानले, हे सांगायला नकोच.

१९६४च्या उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात अशा वेळी मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं ताटात मांडायची, एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावानं आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांनी खायचं. पोहे मुंबईहून पार्सलनं आले होते. आमंत्रणाला मास्तर स्वतः आले. मी घरात होतो, पण त्यांनी साराला सांगितलं, "इसाला घेऊन ये. नाही म्हणाला तर कान धरून आण."

गेलो. घर माणसांनी भरलं होतं. आत शिरवेना म्हणून मी मागच्या अंगणात गेलो. खिडकीत आमची नमुन्याची पेटी होती, मी बसवलेली. ती चालू होती. मी सवयीनं खाली वाकलो. नळी उघडी होती. थेंब पडत होते, आणि त्यांच्याखाली तेलाचा एक रिकामा डबा ठेवला होता. डबा जवळजवळ भरला होता. दोन हातांवर खजुराचं एक रोप, त्याभोवती मातीचं नीट आळं, आळ्यातली माती ओली.

मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"बघतोस काय? त्या दिवशी दवाखान्यातून आलो आणि आधी बूच काढलं. मग विचार केला, पाणी जाणार तर खाली भांडं ठेवावं. पेटीत मीठ साचत नाही, पाणीही वाया जात नाही. आणि खजुराला खारं पाणी चालतं. सातवीत शिकवलंय तुला, विसरलास वाटतं."

"मास्तर…"

"दहा मिनिटांचं काम होतं रे. दोघं बसलो असतो तर प्रत्येक पेटीबरोबर एक डबा दिला असता. दवाखान्याच्या अंगणात झाडं झाली असती."

ते हे चिडून म्हणाले नाहीत. गणित फळ्यावर सुटलं की मागे होऊन बघायचे, तसं त्या डब्याकडे बघत होते. आतून हाक आली, मास्तर, या, आशीर्वाद सुरू करायचेत. ते जायला वळले.

मला त्यांची माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, वर्षभर तयार होतं, मराठीतच होतं. ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आभारी आहे, मास्तर."

"बरं," ते म्हणाले. "आता तो डबा झाडाला ओत आणि आत ये."